बीकन बसवलंय खरं, पण वेळेला वाजेल का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी जुहू विमानतळावर एका हँगरमध्ये एकतीस वर्षं रेडिओ मेकॅनिक म्हणून काम केलं, आता रिटायर होऊन पार्ल्यात असतो. पत्र लिहायला कारण झाल्या आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी. त्यांचा मुलगा बॉम्बे हायला, समुद्रातल्या तेलाच्या रिगवर असतो, चौदा दिवस तिकडे आणि चौदा दिवस घरी, आणि जाणं-येणं सगळं जुहूवरून हेलिकॉप्टरनेच. परवा सकाळी जिन्यात भेटल्या, हातात दुधाच्या पिशव्या, आणि एकदम म्हणाल्या, "भाऊजी, त्या हेलिकॉप्टरमध्ये म्हणे एक यंत्र असतं, कुठे पडलं की आपोआप सॅटेलाइटला कळवतं, मग लगेच शोधायला जातात, खरंय का?" मी म्हटलं, हो खरंय. "मग बरंय बाई," म्हणाल्या आणि घरात गेल्या. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही, कारण मी त्या माउलीला अर्धंच उत्तर दिलं होतं. उरलेलं अर्धं इथे लिहितोय, कारण ते नुसतं त्यांनाच नाही तर जुहूहून रोज उडणाऱ्या सगळ्यांच्या घरच्यांना माहीत असायला हवं, आणि ज्यांच्या हातात नियम आहेत त्यांच्याही कानावर जायला हवं.

या यंत्राला आम्ही ईएलटी म्हणतो, बरेच जण नुसतं बीकन म्हणतात. साधारण जेवणाच्या डब्याएवढा भडक रंगाचा डबा असतो, बहुतेक करून विमानाच्या शेपटीकडे बसवतात कारण आपटल्यावर शेपटीचा भाग त्यातल्या त्यात शाबूत राहतो. आत स्वतःची बॅटरी असते, विमानाच्या करंटवर ते अवलंबून नसतं, आणि एक झटका ओळखणारा स्विच असतो त्याला जी-स्विच म्हणतात. जोरात झटका बसला की स्विच चालू होतो, डब्यातून केबल वर छताच्या अँटेनाला गेलेली असते आणि अँटेनातून सिग्नल बाहेर पडतो. सिग्नल दोन, एक ४०६ मेगाहर्ट्झचा, तो दर पन्नास सेकंदांनी अर्ध्या सेकंदापुरता जातो पण चांगल्या ५ वॅटच्या ताकदीने, आणि त्यात त्या विमानाचा नंबर कोड करून भरलेला असतो. दुसरा १२१.५ वर, तो अगदी कमी ताकदीचा, सतत वाजणारा, शोधपथक जवळ पोचल्यावर आवाजाच्या मागावर जायला. सॅटेलाइटने पकडलेला सिग्नल आपल्याकडे बेंगळुरू आणि लखनौच्या ग्राउंड स्टेशनवर उतरतो, मग बेंगळुरूला इस्रोचं जे मिशन कंट्रोल सेंटर आहे तिथून तो समुद्राचा मामला असेल तर कोस्ट गार्डकडे आणि जमिनीवरचा असेल तर एअरपोर्ट ऑथॉरिटीच्या रेस्क्यू सेंटरकडे जातो. मुंबईत दोन्ही आहेत. डब्याला जीपीएस जोडलेलं असेल तर जागा शंभरेक मीटरच्या आत कळते आणि नसेल तरी सॅटेलाइट स्वतः हिशोब करून चार-पाच किलोमीटरच्या आत आणून सोडतो.

ही व्यवस्था फुकट आलेली नाही. १६ ऑक्टोबर १९७२ ला अमेरिकेत अलास्कात एक छोटं विमान बेपत्ता झालं, त्यात त्यांच्या संसदेतले दोन मोठे नेते होते, हेल बॉग्ज आणि निक बेगिच. एकोणचाळीस दिवस शोध घेतला आणि विमान आजतागायत सापडलेलं नाही. त्यात बीकन नव्हतं. त्यानंतर तिकडे छोट्या विमानांमध्ये बीकन सक्तीचं झालं. मग १९७९ ला अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया असे चार देश एकत्र येऊन कॉस्पास-सारसॅट नावाची सॅटेलाइटची व्यवस्था उभी राहिली. शीतयुद्धाचे दिवस, दोन्हीकडे क्षेपणास्त्रं रोखलेली, आणि सप्टेंबर १९८२ मध्ये कॅनडाच्या डोंगरात पडलेल्या एका छोट्या विमानातली तीन माणसं वाचली ती रशियाच्या सॅटेलाइटने सिग्नल पकडला म्हणून. हे मी नवीन पोरांना दरवेळी सांगायचो, की बाबांनो तुम्ही जो डबा स्क्रूने आवळताय त्याच्यामागे एवढं आहे, हात नीट चालवा.

आता जे अर्धं सांगायचं राहिलं ते. हे यंत्र बऱ्याचदा वेळेला चालत नाही. ३ सप्टेंबर २००७ ला स्टीव्ह फॉसेट नावाचा जगप्रसिद्ध वैमानिक नेवाडातून उडाला तो परत आलाच नाही, विमानात बीकन होतं पण कुणाला काही ऐकू आलं नाही, अवशेष सापडायला २००८ चा ऑक्टोबर उजाडला आणि तेही एका डोंगर चढणाऱ्याला त्याची ओळखपत्रं मिळाली म्हणून. ९ ऑगस्ट २०१० ला अलास्कात नऊ माणसांचं विमान डोंगरावर आदळलं, माजी सिनेटर टेड स्टीव्हन्स त्यात गेले, चौघं वाचले. त्या विमानातलं बीकन धडकेत ते ज्यात बसवतात त्या ट्रेमधून निसटलं आणि अँटेनापासून तुटून पडलं. म्हणजे डबा होता, पण बाहेर काहीच गेलं नाही, आणि जखमी माणसांनी ती रात्र डोंगरावर काढली. ८ मार्च २०१४ ला गायब झालेल्या मलेशियाच्या एमएच३७० मध्ये एक सोडून चार बीकन होती, चारांपैकी एकाचाही सिग्नल कुणाला मिळाला नाही. आणि आपल्या अहमदाबादचं, १२ जून २०२५ चं, त्याच्याबद्दल लिहिताना अजूनही हात थांबतो, पण आपल्या तपास यंत्रणेने महिन्याभराने जो प्राथमिक अहवाल दिला त्यात स्पष्ट लिहिलंय की ईएलटी अ‍ॅक्टिव्हेट झालं नाही. तिथे विमान भर वस्तीत पडलं, कुठे पडलं ते शोधायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे त्या वाक्याकडे कुणी फारसं बघितलं नाही. मी बघितलं. कारण तेच समुद्रावर किंवा जंगलात झालं असतं तर त्या एका वाक्यावर सगळं अवलंबून होतं.

कुणी म्हणेल आता रडार आहे, जीपीएस आहे, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, विमान हरवतं कुठे. हरवतं हो. आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचं हेलिकॉप्टर २ सप्टेंबर २००९ ला नल्लमलाच्या जंगलात पडलं तेव्हा मुख्यमंत्र्यांसाठी लष्कर, हवाई दल सगळे कामाला लागूनसुद्धा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पत्ता नव्हता. ३० एप्रिल २०११ ला अरुणाचलचे मुख्यमंत्री दोरजी खांडू यांचं हेलिकॉप्टर गेलं ते पाचव्या दिवशी सापडलं. हवाई दलाचं एएन-३२ जुलै २०१६ मध्ये चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला जाताना २९ जणांसकट नाहीसं झालं, आणि त्याचे अवशेष समुद्राच्या तळाशी दिसले ते थेट जानेवारी २०२४ मध्ये, ३४०० मीटर खोल. साडेसात वर्षं त्या घरांनी कशी काढली असतील. मुख्यमंत्र्याला शोधायला एवढा वेळ लागतो तर आमच्या वहिनींच्या मुलाचं काय हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आता मी जे डोळ्यांनी बघितलं ते सांगतो. डबा सहसा मजबूतच असतो, आपटून, भाजून, दाबून टेस्ट करूनच तो बाजारात येतो. मार खातं ते त्याच्या भोवतीचं. एकदा इन्स्पेक्शनला एका हेलिकॉप्टरचा मागचा पॅनल उघडला, बाहेरून सगळं चकाचक, डब्यावर बॅटरीच्या तारखेचं लेबल बरोबर, लॉगबुकात सही बरोबर. आत टॉर्च मारली तर डब्यापासून अँटेनाकडे जाणारी कोॲक्स केबल कुणीतरी नीटनेटकं दिसावं म्हणून चार ठिकाणी टाय मारून अगदी ताणून बांधलेली, इंचभराचीही ढील नाही. वरचं टोक छताच्या फ्रेमला, खालचं टोक मजल्याच्या फ्रेमला. आता विचार करा, हेलिकॉप्टर आपटलं आणि छत नुसतं चार बोटं सरकलं तरी ती केबल कनेक्टरमधून उपटून येणार, आणि आत डबा पूर्ण चार्ज, चालू, दर पन्नास सेकंदांनी बोंबलतोय पण तोंडच बांधलेलं. मी त्या कनेक्टरला हात लावला तर तो बीएनसी कनेक्टर, जो फिरवून लॉक व्हायला हवा, तो नुसता बसलेला होता, लॉक नव्हता. बोटाने ओढला तर हातात आला. आणि खाली डबा ज्या पट्ट्याने ट्रेला बांधायचा तो वेल्क्रोचा पट्टा, आपण शाळेच्या बुटाला असतो तसला, धुळीने आणि तेलाने इतका मळलेला की नखाने उचकटला. ते हेलिकॉप्टर आदल्या संध्याकाळपर्यंत माणसं घेऊन उडत होतं.

त्या रात्री झोप लागली नाही. कुणाला दोष द्यायचा म्हणून लिहीत नाही, ज्याने टाय मारले त्याने चांगल्या मनानेच मारले असणार, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं की इथे नीटनेटकेपणापेक्षा ढील महत्त्वाची. आम्ही केबल नव्याने ओढली, वळण घेऊन, आणि डबा आणि अँटेना दोन्ही विमानाच्या ढाच्याच्या एकाच भागात येतील असं बघितलं, कारण मध्ये सांधा आला की तुटतं ते नेमकं सांध्यातच. अमेरिकेत तर त्यांच्या एफएएने, म्हणजे तिकडच्या विमान वाहतूक नियामकाने, २०१२ मध्ये नव्या बीकनच्या स्टँडर्डमधून वेल्क्रोचा पट्टाच बाद केला, म्हणजे हे एकट्या जुहूच्या हँगरचं दुखणं नव्हतं. २०१५ साली नासाने व्हर्जिनियातल्या लँगली केंद्रात तीन जुनी सेसना १७२ विमानं सुमारे शंभर फुटांवर टांगून मुद्दाम खाली आपटली, ज्या लोखंडी सांगाड्याखाली पूर्वी अपोलोचे अंतराळवीर चंद्रावर उतरायची प्रॅक्टिस करायचे त्याच सांगाड्यावरून, आणि प्रत्येकात बीकन बसवून बघितलं की नेमकं काय टिकतं आणि काय तुटतं. तिकडे एवढ्यासाठी तीन विमानं मोडली जातात आणि आपल्याकडे एक टॉर्च मारून बघायला वेळ नसतो याचं मला फार वाईट वाटतं.

अजून एक गोष्ट, छोटी वाटते पण जीवघेणी. डब्यावरच एक स्विच असतो. काम करताना चुकून वाजू नये म्हणून बऱ्याच मॉडेलमध्ये तो ऑफ करावा लागतो आणि काम झालं की आठवणीने परत आर्मवर, म्हणजे झटका बसला की वाजायला तयार अशा जागेवर, आणावा लागतो. तो ऑफच राहिला तर जी-स्विचला कितीही झटका बसू दे, काही होणार नाही. मी दोनदा तो ऑफवर राहिलेला बघितलाय. आणि जी-स्विचचीही दिशा असते हे किती जणांना माहीत आहे? विमान बहुतेक वेळा नाकावर पुढे आपटतं म्हणून त्याचा स्विच पुढच्या झटक्यासाठी असतो, हेलिकॉप्टर सरळ खाली बसतं किंवा कुशीवर पडतं म्हणून त्याला सगळीकडचा झटका ओळखणारा स्विच लागतो. डबा दिसायला सारखाच. चुकीचा डबा चुकीच्या जागी गेला तर कागदावर सगळं बरोबर आणि प्रत्यक्षात काही नाही.

आता रजिस्ट्रेशनबद्दल, कारण माझ्या मते सगळ्यात स्वस्तात सुधारण्यासारखी गोष्ट हीच आहे. एका रविवारी रात्री साडेदहाला मला घरी फोन, लगेच या, बेंगळुरूहून टॉवरला मेसेज आलाय की अमुक नंबरचं बीकन अंधेरीच्या बाजूला कुठेतरी चालू आहे. ते हेलिकॉप्टर तर आमच्या समोर हँगरमध्ये उभं. मग लक्षात आलं की त्याचा डबा बॅटरी बदलायला वर्कशॉपला पाठवलाय, आणि तो पाठवताना कुणी ऑफ केला नव्हता, टेम्पोत आपटला आणि चालू झाला. मी आणि एक हेल्पर हातातला व्हीएचएफ सेट १२१.५ वर लावून बाईकवरून निघालो. ज्यांनी तो आवाज ऐकला नसेल त्यांना कसा सांगू, वरून खाली घसरत जाणारी शिट्टी, परत वरून खाली, परत वरून खाली, न थांबता. मरोळच्या गल्ल्यांमध्ये सेटचा अँटेना काढून, सेट अंगाआड धरून, कुठल्या बाजूला आवाज वाढतो ते बघत बघत बारा वाजता एका बंद गोडाऊनच्या शटरसमोर आलो. वॉचमनने शटर उघडलं तर पार्सलच्या ढिगात, पुठ्ठ्याच्या खोक्यात, तो डबा इमानदारीने वाजत होता. मी बंद केला आणि तिथेच पायरीवर बसलो, कारण मनात आलं की ज्या दिवशी खरंच कुणी पाण्यात असेल त्या दिवशीही तो असाच वाजत असेल.

पण खरी गोष्ट पुढे आहे. दुसऱ्या दिवशी कळलं की बेंगळुरूच्या लोकांनी आधी रजिस्टर केलेल्या नंबरवर फोन केले होते. एक नंबर फोर्टातल्या जुन्या ऑफिसचा लँडलाईन, ऑफिस तिथून हलून दोन वर्षं झालेली. दुसरा मोबाईल एका साहेबांचा, ते नोकरी सोडून गेलेले. कुणीच उचलला नाही म्हणून शेवटी त्यांनी टॉवरकडून शोधलं. ४०६ च्या बीकनची सगळी मजा त्या कोडमध्ये आहे, कोड बघून मालकाला फोन करायचा आणि दोन मिनिटांत ठरवायचं की हा खरा अपघात की गोडाऊनमधला डबा. जुन्या १२१.५ च्या काळात हे शक्यच नव्हतं, त्यात विमानाचा नंबर नसायचा, शंभरातले नव्वदहून जास्त सिग्नल खोटे निघायचे, अमेरिकेत तर एटीएम मशीन आणि पिझ्झाच्या भट्टीच्या मागेही शोधपथकं जाऊन पोचली होती, म्हणून तर १ फेब्रुवारी २००९ पासून सॅटेलाइटने १२१.५ ऐकायचंच बंद केलं. आपण नवीन यंत्र घेतलं आणि त्यातला फोन नंबर जुना ठेवला तर ते दोन मिनिटांचं काम तासांवर जातं. पाण्यात पडलेल्या माणसाला तास परवडत नाहीत.

पाण्याचं म्हटलं तर मुंबईसाठी हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा. १३ जानेवारी २०१८ ला जुहूहून निघालेलं हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं, ओएनजीसीचे पाच अधिकारी आणि दोन पायलट, सात घरं. २८ जून २०२२ ला सागर किरण रिगजवळ हेलिकॉप्टर पाण्यात उतरलं, नऊ जणांपैकी चौघं गेले. मी या दोन्हींच्या कारणात शिरत नाही, तो माझा अधिकार नाही. पण पाणी आणि बीकन यांचं गणित मला कळतं ते सांगतो. ४०६ चा सिग्नल समुद्राच्या पाण्यातून बाहेर पडत नाही. हेलिकॉप्टरचं सगळं वजन वर, इंजिन वर, गिअरबॉक्स वर, त्यामुळे पाण्यात पडलं आणि फ्लोट्सनी, म्हणजे तरंगत ठेवणाऱ्या फुग्यांनी, धरलं नाही की ते पालथं होतं, म्हणजे छतावरचा अँटेना सगळ्यात आधी पाण्याखाली. आणि नेहमीचं बीकन चालू झाल्यावर पहिला ४०६ चा मेसेज साधारण पन्नास सेकंदांनी पाठवतं, चुकून वाजलेलं बंद करायला वेळ मिळावा म्हणून तसं ठेवलेलं. पन्नास सेकंद, संपादकसाहेब. घड्याळ लावून बघा पन्नास सेकंद किती असतात, आणि उलटं झालेलं हेलिकॉप्टर तेवढ्यात कुठे असेल. डबा मजबूत, केबल चांगली, स्विच आर्मवर, सगळं बरोबर असूनही सिग्नल जाणार नाही.

याला उपाय नाही असं नाही. बाहेरच्या बाजूला बसवलेलं, आपटल्यावर किंवा पाण्यात गेल्यावर सुटून वर येऊन तरंगणारं बीकन असतं, समुद्रावर उडणाऱ्या हेलिकॉप्टरसाठी जगात ते वापरतात. माणसाच्या जॅकेटला लावायचं छोटं पीएलबी, म्हणजे ज्याचं त्याचं स्वतःचं बीकन, असतं. आणि आता मोठ्या विमानांसाठी तर आंतरराष्ट्रीय नियमच आलाय, २७ टनांच्या वरचं आणि १ जानेवारी २०२४ नंतर पहिलं सर्टिफिकेट मिळालेलं जे विमान असेल त्याने संकट ओळखून, पडायच्या आधीच, हवेत असतानाच दर मिनिटाला स्वतःची जागा कळवायची. म्हणजे पडल्यावर यंत्र टिकेल की नाही या भरवशावर बसायचंच नाही. एमएच३७० नंतर जगाला हे सुचलं. पण २७ टनांच्या नियमात आपली ऑफशोअरची हेलिकॉप्टरं येत नाहीत, ती खूपच हलकी. जिथे गरज सगळ्यात जास्त तिथे नियम पोचलेला नाही. आमच्याकडे कोळी बांधवांच्या होड्यांना इस्रोचं डॅट नावाचं संकट कळवायचं यंत्र मिळतं, बटण दाबलं की सॅटेलाइटमार्गे कोस्ट गार्डला कळतं, चांगली गोष्ट आहे, मग रिगवर जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या जॅकेटला स्वतःचं बीकन का नसावं?

बॅटरीबद्दल थोडं लिहितो कारण त्यावरून लोक घाबरतात. १२ जुलै २०१३ ला लंडनच्या हीथ्रोवर इथिओपियन एअरलाइन्सचं रिकामं उभं असलेलं बोइंग ७८७ शेपटीकडे पेटलं. आग बीकनच्या लिथियम बॅटरीतून सुरू झाली होती, डब्याचं झाकण बसवताना आतल्या दोन वायर चिमटल्या गेल्या आणि शॉर्ट झाल्या. म्हणजे जीव वाचवायला ठेवलेल्या वस्तूनेच विमान जाळलं. यातून बीकन नको असा अर्थ काढणं चूक आहे. चोवीस तास कडाक्याच्या थंडीतही चालायचं म्हणजे जोरदार बॅटरी लागणारच. अर्थ एवढाच की झाकण बसवणाऱ्या हाताला ती वायर दिसायला हवी होती.

आता मागणी. डीजीसीएने, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाने, आणि कंपन्यांनी वार्षिक तपासणी म्हणजे नुसतं टेस्टचं बटण दाबून लाईट बघणं असं धरू नये. तो लाईट डबा ठीक आहे एवढंच मुख्यतः सांगतो. विमानाच्या स्वतःच्या अँटेनातून सिग्नल खरोखर बाहेर पडतोय का, ताकद किती, कोड त्याच विमानाचा आहे का, हे टेस्टर लावून मोजावं आणि आकडा लॉगबुकात लिहावा, नुसती बरोबरची खूण नको. केबलची ढील, कनेक्टरचं लॉक, धातूचा पट्टा, हे डोळ्यांनी बघितल्याची वेगळी सही असावी. वेल्क्रोवाले पट्टे जिथे उरले असतील तिथून काढावेत. विमान विकलं गेलं, ऑफिस हललं, माणूस बदलला की रजिस्ट्रेशनचा फोन नंबर त्याच आठवड्यात बदलावा, आणि तो नंबर कुणा एका साहेबाचा नको, चोवीस तास माणूस बसतो त्या टेबलाचा हवा. समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येक हेलिकॉप्टरला सुटून तरंगणारं बीकन सक्तीचं करावं आणि प्रवाशाच्या जॅकेटला पीएलबी. आणि दर अपघातानंतर बीकन चाललं की नाही आणि नाही तर का, हे अहवालाच्या एका ओळीत न राहता वर्षाच्या शेवटी एका ठिकाणी गोळा करून लोकांसमोर ठेवावं. यातलं जवळजवळ सगळं पैशाने नाही तर लक्ष देऊन होणारं आहे, फक्त तरंगणारं बीकन महाग आहे आणि तिथे मात्र पैसे खर्च केलेच पाहिजेत.

काल मी वहिनींकडे जाऊन बसलो आणि हे सगळं, जरा सौम्य करून, सांगितलं. त्या गप्प झाल्या. मग त्यांनी वहीचा कागद आणला आणि म्हणाल्या, भाऊजी, त्याला बेसवर काय विचारायचं ते लिहून द्या. मी लिहून दिलं. आपल्या हेलिकॉप्टरचं बीकन पाण्यात सुटून वर येणारं आहे का. अँटेनातून सिग्नल शेवटचा कधी मोजला. बेंगळुरूला कुणाचा नंबर दिलाय, आणि तो नंबर आत्ता लावला तर कोण उचलतं. कागद त्यांनी मुलाच्या बॅगेत, युनिफॉर्मच्या घडीत ठेवलाय. गुरुवारी त्याची ड्युटी लागते.

कळावे,
एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक, विलेपार्ले (पूर्व), मुंबई